बोगनवेलीचं पदक, मण्यांचा सर

रेझिनच्या कामाला मी पहिल्यांदा बसले ती जुलैत. ठाण्याचा पाऊस, खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच. साच्यातून काढलेलं पदक दुसऱ्या दिवशी हाताला चिकटलं, चौथ्या दिवशीही चिकटलं, आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा असा स्वच्छ ठसा उमटला की आधार केंद्रात चालून गेला असता. तेव्हापासून घरात कायदा आहे: रेझिन ओतायचं ते दिवाळी ते होळी, आणि पावसाळ्यात बसून मणी ओवायचे. कोरड्या हवेत, पंचवीसेक अंश तापमानात, तेच रेझिन चोवीस तासांत काचेसारखं होतं. दमट हवेत मात्र त्यावर धुरकट, तेलकट साय धरते.

रेझिन म्हणजे राळ, पण ही राळ झाडाची नव्हे. आपल्या दागिन्यांना असल्या पदार्थांची सवय आहेच. कोल्हापुरी साजाच्या पोकळ पानांत लाख भरलेली असते. पण लाख तापवली की पुन्हा वितळते, चूक सुधारता येते. इपॉक्सी रेझिन एकदा घट्ट झालं की झालं, ते तापवून पुन्हा पातळ होत नाही. म्हणून या कामातली सगळी अक्कल ओतण्याच्या आधी लागते. नंतर फक्त घासणं उरतं.

आपण एक सेट करू या: बोगनवेलीचं लंबगोल पदक, त्याच रंगाचे दोन डूल आणि पदक अडकवायला ४५ सेंटीमीटरचा मण्यांचा सर. प्रत्यक्ष हाताचं काम दोन संध्याकाळी आणि एक रविवार एवढंच आहे, बाकी सगळी वाट पाहणं.

फूल आधी, बाकी मागून

ही वाट फुलापासून सुरू होते. फूल तीन आठवडे आधी वाळत घाला. बोगनवेल मी मुद्दाम निवडली. आपण जिला फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं असतात, खरं फूल म्हणजे मधली ती बारीक नळी. पानं मुळातच कागदासारखी, त्यांत पाणी कमी, त्यामुळे ती आकसत नाहीत आणि रंगही बरा टिकतो. तीन पानं एकत्र असतील तर सुटी करा, नळी काढून टाका. पदक ३० बाय २२ मिलिमीटरचं असणार, तेव्हा झाडाची थोराड पानं नकोत, शेंड्याकडची कोवळी, लहान घ्या. टिपकागदात ठेवून जाड पुस्तकात दाबा, वर दोन-तीन शब्दकोश. पहिल्या आठवड्यात टिपकागद दोनदा बदला.

प्राजक्ताचा मोह मलाही झाला होता. पांढरी पातळ पाकळी रेझिनमध्ये गेली की तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक होते, उरतो तो केशरी देठ. मोगऱ्याचं नावच नको. तो आत बसून तपकिरी पडतो, कारण त्यात पाणी उरलेलं असतंच. कुठल्याही फुलाची परीक्षा एकच: बोटांत धरून हलकं वाकवलं तर भाजलेल्या पापडासारखं मोडलं पाहिजे. वाकलं आणि वाकूनच राहिलं तर परत पुस्तकात.

सामान

मुंबईकरांनी भुलेश्वरच्या गल्ल्या आणि पुणेकरांनी रविवार पेठेतली बोहरी आळी गाठावी. दोन्हीकडे मणी, हुक, कड्या, साचे एका फेरीत मिळतात. मात्र यादी लिहून न्या, नाहीतर टिकल्या, मोती आणि सोनेरी पिसं घेऊन परत याल आणि हुक राहतील.

रेझिनसाठी लागेल: इपॉक्सीच्या दोन बाटल्या (एक रेझिन, एक हार्डनर), सिलिकॉनचे साचे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, कागदी नव्हे तर प्लास्टिकचे किंवा सिलिकॉनचे कप, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या, टूथपिक, नायट्राइलचे हातमोजे, मास्क. शिवाय १ मिलिमीटरचं हातड्रिल, छोटे आय स्क्रू आणि ४०० ते २००० नंबरपर्यंतचा पाण्यात चालणारा पॉलिशपेपर. मण्यांसाठी: गियर वायर, क्रिम्प मणी, लॉबस्टर हुक, कड्या, डुलांचे हुक, दोन पकडी (एक चपटी, एक गोल तोंडाची) आणि कटर. गियर वायर म्हणजे नायलॉनचं आवरण असलेली पोलादी तार. दुकानात हेच नाव चालतं.

हातमोज्यांवर एक शब्द जास्त. कच्चं रेझिन आणि विशेषतः हार्डनर कातडीला लागत राहिलं तर काहींना ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की जात नाही. मग पुढे बाटली उघडली तरी हात खाजतात. चुकून लागलं तर स्पिरिटने पुसू नका, त्याने ते पातळ होऊन कातडीत आणखी मुरतं. साबण आणि पाणी घ्या. काम स्वयंपाकघरात नको. खिडकी उघडी, पंखा मंद, मुलं आणि मांजर खोलीबाहेर. या कामात वापरलेला कप, चमचा, वाटी पुन्हा खाण्यापिण्यात येता कामा नये. आमच्या घरी या सामानाच्या डब्यावर लाल पट्टी आहे.

मोजमाप

इथे सगळ्यात जास्त जण घसरतात, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं: कुठे २:१, कुठे ३:१, कुठे १:१. त्याच्या शेजारी आणखी एक शब्द असतो तो वाचा: बाय वेट की बाय व्हॉल्यूम. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाने २:१ असलेलं वजनाने २:१ होत नाही. हा एक शब्द न वाचल्यामुळे चिकट राहिलेली पदकं मी बरीच पाहिली आहेत, त्यांतली दोन माझी. आणि 'लवकर घट्ट व्हावं' म्हणून हार्डनर थोडं जास्त घालण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. इथे डाळीला चिमूटभर सोडा जास्त घातल्यासारखं होत नाही. दोन्ही द्रव एकमेकांशी ठरावीक संख्येत जोडले जातात, जास्तीचा भाग जोडीदाराविना राहतो आणि तोच चिकटतो.

माझी बाटली वजनाने २:१ ची आहे, त्याचा हिशेब देते. पदकाच्या साच्यात पाच मिलिमीटर जाडीला अडीच-पावणेतीन मिलिलिटर बसतं, दोन लहान डुलांना मिळून दीड. म्हणजे सगळं मिळून साडेचारच्या आत. तरीही एका वेळी १५ ग्रॅम कालवा: १० ग्रॅम रेझिन, ५ ग्रॅम हार्डनर. कारण हात हलला आणि अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर पाच ग्रॅममागे ती दहा टक्क्यांची चूक होते, पण दोनच ग्रॅम हार्डनर घेतलं असतं तर तीच चूक पंचवीस टक्क्यांची. उरलेलं वाया जात नाही. बटणांचा साचा शेजारी तयार ठेवा, कुर्त्याला जोगती चार बटणं निघतात.

काट्यावर कप ठेवा, आकडा शून्य करा, रेझिन ओता, पुन्हा शून्य करा, मग हार्डनर. थंडीत रेझिन काकवीसारखं दाट झालं असेल तर झाकण घट्ट लावून त्याची बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करा, बाहेरून कोरडी पुसा आणि मगच उघडा. पाण्याचा एक थेंबही आत नको.

ढवळणं आणि ओतणं

आता घड्याळ लावा. कालवल्यापासून साधारण पंचवीस-तीस मिनिटं ते ओतण्याजोगं राहतं, नेमकी वेळ बाटलीवर असते. काडीने तीन-चार मिनिटं ढवळा, पण भजीच्या पिठासारखं फेटू नका. फेटलं की हवा शिरते. काडी तळाला टेकवून सावकाश गोल, मधूनमधून कडा आणि तळ खरवडत. सुरुवातीला कपात धागे पोहताना दिसतील, साखर पाण्यात विरघळताना दिसतात तसे. ते धागे पूर्ण नाहीसे होईपर्यंत थांबायचं नाही. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या कोपऱ्यात न मिसळलेलं हार्डनर हमखास लपलेलं असतं. पदकावर मधेच एक मऊ ठिपका राहतो ना, तो तिथून आलेला असतो.

पाच मिनिटं कप तसाच ठेवा, मोठे बुडबुडे आपोआप वर येतात. तोवर साचा एका फरशीवर ठेवा. फरशी सपाट आहे का ते मोबाइलमधल्या लेव्हलवर बघा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ पदक गळ्यात तिरकं लोंबतं.

साच्याचा तळ म्हणजे पदकाची पुढची बाजू, हे पक्कं ध्यानात घ्या. पहिला थर दोन मिलिमीटरचा ओता. बारीक धार, उंचावरून, म्हणजे धारेतच बुडबुडे फुटतात. उरलेले टूथपिकने कडेला आणून फोडा. लायटर वापरायचा असेल तर ज्योत वरून भुर्रकन न्यावी, क्षणभरही थांबू नये. थांबली की सिलिकॉन जळतं आणि पुढच्या प्रत्येक पदकावर तो डाग छापला जातो.

साच्यावर उपडा डबा झाका आणि तीन-चार तास जा. परत आल्यावर कडेला काडी लावून बघा. रेझिन काडीला ओढत असेल पण काडीवर येत नसेल, तर तयार आहे. आता बोगनवेलीच्या पानाला दोन्ही बाजूंनी ब्रशने नव्या रेझिनचा पातळ हात द्या (हे दुसरं कालवण, पुन्हा १५ ग्रॅमचंच). पानाच्या शिरांत अडकलेली हवा इथेच सुटते. हे टाळलंत तर रात्रीतून पानाभोवती मोत्यांसारखे बुडबुडे उभे राहतात. मग चिमट्याने पान पालथं, म्हणजे चांगली बाजू खाली करून ठेवा आणि हलकं दाबा. पहिला थर पूर्ण पातळ असताना ठेवलं असतं तर ते तरंगून कडेला गेलं असतं. वरून दुसरा थर, काठोकाठ आणि तसूभर वर. फुगवटा राहिला तर मागची बाजू गुळगुळीत येते, कमी पडलं तर कडा धारदार होतात.

डुलांना फूल नको, पदकाचं कौतुक कमी होतं. त्यांच्या रेझिनमध्ये अभ्रकाची गुलाबी पूड चिमूटभर घाला, ती याच कामासाठी मिळते. पाण्याचे रंग अजिबात नाहीत, पाण्याने रेझिन धुरकटतं.

उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. कपातच घट्ट होऊ द्या आणि सुक्या कचऱ्यात टाका. जास्त कालवलं असेल तर कप चांगला तापतो, घाबरू नका, पण तो गादीवर किंवा कागदांवर ठेवू नका.

लहान वस्तू मोठ्यांपेक्षा सावकाश घट्ट होतात, कारण त्यांत उष्णता साठत नाही. म्हणून चोवीस तास म्हणजे चोवीसच. मधे बोट लावायचं नाही. मी लावलं आहे, म्हणून सांगते.

(दिव्याखाली दोन-तीन मिनिटांत घट्ट होणारं यूव्ही रेझिन असतं. छोट्या डुरुस्तीला छान, पण ते दोन-तीन मिलिमीटरच्या थरांतच चालतं आणि फुलाच्या सावलीत कच्चं राहतं. पदकाला मी ते वापरत नाही.)

घासणं आणि भोक

साच्याची कड बाहेर वळवा, पदक पाठीमागून अंगठ्याने ढकला. कडेची पातळ चुणी कात्रीने काढा आणि कड पाण्यात बुडवून घासा: ४००, मग ८००, मग १०००, शेवटी २०००. कोरडं घासलं तर पांढरी भुकटी नाकात जाते. घासलेली जागा धुरकट दिसते, त्यावर ब्रशने रेझिनचा एक पातळ हात फिरला की पुन्हा आरसा.

भोक तिसऱ्या दिवशी. वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर पेन्सिलने खूण करा, हातड्रिल सरळ उभं धरा आणि बोटांनी सावकाश फिरवा, सहा-सात मिलिमीटर खोल. विजेच्या ड्रिलने घाई केली तर रेझिन तापून भोकाभोवती वितळल्यासारखं फाटतं. आय स्क्रू आधी हातानेच फिरवून बघा. सहज जात असेल तर भोक मोठं झालंय, फार जोर लागत असेल तर पदक तडकेल. नीट बसला की बाहेर काढा, टोकाला फेविक्विकचा सुईच्या अग्राएवढा थेंब लावून पुन्हा फिरवा. डुलांनाही तसंच.

मणी

मणी निवडताना नंबर उलटा चालतो: नंबर वाढला की मणी बारीक. ११ नंबरचा मणी दोन मिलिमीटरच्या आसपास, ८ चा तीन, ६ चा चार. या सरासाठी चार मिलिमीटरचे गोल काचेचे मणी आणि मधे ११ नंबरचे बारीक. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे आणि बनारसचे काचेचे मणी चांगले असतात. दुकानात मणी प्रकाशाकडे धरून भोक बघा. कडा करवतीसारख्या असतील तर त्या कुठलाही दोरा कापतात. घरी आणल्यावर दोन-तीन मणी गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालावर चोळा. रुमाल गुलाबी झाला तर उन्हाळ्यात मानही गुलाबी होणार.

हिशेब: ४५ सेंटीमीटरमधून हुक आणि कड्यांचे दोन वजा, उरले ४३. एक मोठा आणि एक बारीक मिळून साधारण साडेपाच मिलिमीटर. म्हणजे ७८ जोड्या, प्रत्येक बाजूला ३९. नव्वद घ्या, दहा-बारा वाकडे निघतातच.

आपल्याकडे हे काम पटवेकऱ्याचं. मंगळसूत्र 'गाठवून' आणतात ते त्याच्याकडूनच. पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून बसलेला पटवेकरी लहानपणी पाहिलेला असेल तर त्याची एक युक्ती आठवा: मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये गाठ असते. दोरा तुटला तरी एकच मोती घरंगळतो, आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. आपण गियर वायर वापरतोय, तिला गाठ बसत नाही. मोत्यांचा सर करायचा असेल तर रेशीम घ्या आणि गाठवायला शिका, किंवा सरळ पटवेकऱ्याकडे जा. त्याची मजुरी देताना घासाघीस करू नका.

मणी आधी टर्किश टॉवेलवर मांडा, घरंगळत नाहीत. मध्यापासून दोन्हीकडे जोड्या लावत जा. ६० सेंटीमीटर तार कापा, एका टोकाला सेलोटेप चिकटवा आणि ३९ जोड्या ओवा. मग पदकाच्या आय स्क्रूमध्ये घातलेली कडी, मग पुढच्या ३९ जोड्या. आता तारेत क्रिम्प मणी घाला, मग हुकाची कडी, आणि तार उलट फिरवून त्याच क्रिम्पमधून आणि शेवटच्या दोन-तीन मण्यांतून परत आणा. क्रिम्प चपट्या पकडीने दाबा. दुसऱ्या टोकाला हेच, पण तिथे दोन-तीन मिलिमीटर ढील सोडा. गच्च ओढून बंद केलेला सर गळ्यात पडत नाही, काठीसारखा उभा राहतो.

कडी

कडी उघडायची तोंडं एकमेकांपासून लांब ओढून नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, दार उघडल्यासारखं. लांब ओढली की गोलाई मोडते आणि ती पुन्हा कधीच जुळत नाही. बंद करताना टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन मागे आणा, 'टक्' असा बारीक आवाज आणि बोटाला झटका जाणवतो. नख फिरवून बघा, अडकता कामा नये. तार २० गेजची, म्हणजे ०.८ मिलिमीटरची. त्याहून बारीक कडी पदकाच्या वजनाने हळूहळू तोंड उघडते.

हे मला एका जानेवारीत वहिनीकडे हळदीकुंकवाला कळलं. मी वाकून वाण घेतलं आणि समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या गळ्यातलं काहीतरी तिळगुळात पडलंय." पदक हलव्यात बसलं होतं, ऐटीत. फूल छान, रेझिन स्वच्छ, घासणं निर्दोष. कडी मात्र २४ गेजची, दुकानात स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली.

डुलांचे हुक स्टीलचे किंवा चांदीचे घ्या. स्वस्त हुकांतलं निकेल बऱ्याच कानांना सोसत नाही, आणि ज्याला भेट दिलंत तो माणूस संकोचाने सांगतही नाही, नुसता घालायचा थांबतो.

सेट पूर्ण झाल्यावर तीन दिवस झाकून ठेवा, रेझिनची खरी मजबुती तेव्हा येते. अत्तर, सॅनिटायझर त्याच्यावर उडवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, उन्हात ते मऊ पडतं आणि कालांतराने पिवळंही. मग समारंभाआधी एक अख्खा दिवस घरातच घाला. भाजी निवडा, वाकून केर काढा, केस विंचरा, ओढणी चार वेळा सारखी करा. हुक ओढणीत अडकत असेल, सर मानेवर फिरून पदक पाठीवर जात असेल, तर ते घरातच समजतं, आणि पकड हाताशी असते.